पाव, पाणी आणि धोटा

दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून बाहेर पडलो की आमचा चारपाच जणांचा चहा ठरलेला असतो. गेली काही वर्षे त्या चहावर एक विषय हमखास निघतो. एक गृहस्थ ठासून सांगतात की मुंबईत आगगाडी, शाळा, छापखाने हे सगळे गेल्याच्या गेल्या शतकात एकाच टोळक्याने आणले. ती सगळी फ्रीमेसन मंडळी होती आणि त्यांच्या बंद दाराआड बैठका होत. दुसरे म्हणतात, टोळके वगैरे काही नाही. इंग्रजांनी यंत्रे आणली, यंत्रांमागून शाळा आल्या आणि शाळांनी जात मोडली. तिसरे फक्त हसतात आणि विचारतात, ‘‘मोडली? कुठल्या साली?’’

हा तिसरा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी पदवीने इतिहासकार नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबनिसाची नोकरी केली आणि शनिवार-रविवार ग्रंथालयांत काढले. मोडी वाचायला शिकलो तोही चाळिशी उलटल्यावर. पण हिशेबाची एक सवय अंगी लागलेली आहे : कोणी एकदम बेरीज सांगितली की मी आधी रकमा मागतो. या लेखात मी त्या रकमा मांडतो आहे. गिरगावात १८४८ मध्ये सुरुवात करून ऐंशी वर्षांनी परळच्या गिरण्यांपर्यंत येतो. शेवटची रक्कम माझ्या स्वतःच्या घरातली आहे.

उघडी सभा

जून १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तिथल्या तरुण शिक्षकांनी एक सभा स्थापन केली. नाव स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. प्रा. पॅटन यांचे प्रोत्साहन होते. दादाभाई नौरोजी तिच्या बिनीच्या कार्यकर्त्यांपैकी एक. निबंध वाचायचा आणि त्यावर चर्चा करायची, हा तिचा मूळ कार्यक्रम. पण इंग्रजीत वाचलेला निबंध वाडीत राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. मग देशी भाषांच्या शाखा निघाल्या. गुजरातीसाठी ज्ञानप्रसारक मंडळी आणि मराठीसाठी उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. मराठी सभेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांच्या १८३६ च्या व्याकरणामुळे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणत.

१८५० मध्ये या सभेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झाले आणि ते १८६७ पर्यंत चालले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढून जी वाट पाडली होती, तीच ही वाट. बाळशास्त्री १८४६ मध्ये ऐन चौतिशीत गेले, पण त्यांच्या हाताखाली शिकलेली पिढी आता लिहिती झाली होती. त्याच वर्तुळातल्या गोविंद नारायण माडगांवकरांनी आगगाडीवर मराठीत एक छोटे पुस्तक लिहिले : ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’. पुढे १८६३ मध्ये त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ आले. म्हणजे नवे यंत्र गावात येताच ते काय आहे, कसे चालते, हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत समजावणे हे या मंडळींना स्वतःचे काम वाटत होते. त्यासाठी त्यांना कोणी पगार देत नव्हते.

शाळांचेही तसेच. १८४९ मध्ये सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या. सभासदच रोज सकाळी आपापली नोकरी सुरू होण्याआधी विनावेतन शिकवायला जात. सुरुवातीला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. नाना शंकरशेटांनी आपल्या आवारात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. ज्या नानांचे नाव आपण रेल्वेसाठी घेतो, ते हेच. १८४५ मध्ये त्यांनी जमशेटजी जीजीभाईंच्या साथीने रेल्वेसाठी खटपट सुरू केली होती. रेल्वे आणि मुलींची शाळा या दोन गोष्टी एका माणसाच्या एकाच दशकातल्या खटपटी आहेत. आमच्या चहावरच्या पहिल्या गृहस्थांच्या बोलण्यात तेवढे तथ्य आहे. माणसे खरोखरच मोजकी होती आणि तीच तीच पुन्हा पुन्हा दिसतात. फक्त ती लपलेली नव्हती. त्यांची नावे छापली जात, वर्गणीच्या याद्या छापल्या जात.

बंद दार

मात्र यांतलेच काही जण एका दुसऱ्या सभेतही जात आणि तिची यादी कोणी छापत नव्हते.

दादोबा पांडुरंग मुंबईला परत येण्याआधी सुरतेला शिक्षक होते. तिथे १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि इतरांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली होती. सगळ्या माणसांचा देव एक आणि जातही एक, हे तिचे म्हणणे. सुरतेची सभा उघड बोलत असे आणि फार काळ टिकली नाही. मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली, तेव्हा ती गुप्त ठेवायची असे ठरले. अध्यक्ष रामचंद्र बाळकृष्ण. त्यांच्यावर आणि या सभेवर अ. का. प्रियोळकरांनी १९६६ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी ते मिळवून वाचावे.

सभेत प्रवेश घेताना जातिभेद मानणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. पण शपथ तोंडाने घेता येते आणि तोंडानेच विसरता येते. म्हणून परीक्षा ठेवली होती. ख्रिस्ती भटारखान्यात भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. आज इराण्याकडे बनमस्का खाणाऱ्याला यात काही वाटणार नाही. त्या काळी गिरगावातल्या एखाद्या ब्राह्मणाने किंवा प्रभूने एवढे केले आणि ते बाहेर कळले, तर त्याचा संसार उठत असे.

संसार उठणे म्हणजे नेमके काय, हे सांगणे जरूर आहे. जातीने वाळीत टाकले की भटजी घरी येत नाही. मुंज, लग्न, श्राद्ध अडते. न्हावी येत नाही. मुलीला स्थळ मिळत नाही आणि दिलेली मुलगी माहेरी येऊ शकत नाही. मयत झाले तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. भाड्याच्या बिऱ्हाडात असाल तर घरमालकही जातीचाच असतो. ही शिक्षा एका माणसाला होत नव्हती, घराला होत होती; आणि घरातल्या बायकांनी तर पाव खाल्लेलाही नसे.

हे सगळे मुंबईने नुकतेच पाहिले होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला बापाच्या हवाली केले. मुलगा परत आला, पण जातीत घेणार कोण? बाळशास्त्र्यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे म्हणून जिवाचे रान केले आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. वाद काही थोड्या दिवसांत मिटला नाही. एका कोवळ्या मुलाच्या बाबतीत एवढे होते, तर समजून उमजून पाव खाणाऱ्या बाप्यांचे काय होईल, हे १८४९ मध्ये प्रत्येकाला ठाऊक होते.

म्हणून दार बंद. सभासद जमत, दादोबांनी रचलेल्या प्रार्थना म्हणत, एका पंगतीत जेवत आणि अंधारातून आपापल्या घरी जाऊन आपापल्या जातीचे होत. मुंबईबाहेरही सभेच्या शाखा निघाल्या. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीला गेली आणि सभासदांची नावे बाहेर फुटली. त्या धक्क्याने सभा मोडली. अकरा वर्षे जी गोष्ट शपथेवर टिकली होती ती एका यादीने संपवली.

मग फ्रीमेसन कोण?

आता पहिल्या गृहस्थांच्या लाडक्या विषयाकडे येतो. मुंबईत फ्रीमेसन होते, हे खरेच आहे. सुरुवातीच्या लॉज केवळ युरोपियनांच्या. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. त्यानंतर १८४३ च्या डिसेंबरात डॉ. जेम्स बर्न्स यांनी खास हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत स्थापन केली. माणकजींनीच पुढे १८६३ मध्ये अलेक्झांड्रा ही मुलींची इंग्रजी शाळा काढली. म्हणजे बंधुसभा आणि शिक्षण यांचा धागा इथेही आहे.

परंतु लॉज आणि परमहंस सभा यांना एका माळेत ओवणे चूक आहे. लॉजचे विधी गुप्त असत, सभासदत्व गुप्त नसे. ते मिरवता येई. १८४३ मध्ये जे. जे. रुग्णालयाची कोनशिला बर्न्स यांच्या हस्ते मेसनिक इतमामाने, भर दिवसा, लोकांसमक्ष बसली. लॉजमध्ये माणसे परस्परांना बंधू म्हणत आणि बाहेर पडल्यावर आपापल्या धर्मात व जातीत सुखाने राहत. लॉजची त्याला हरकत नव्हती. परमहंस सभेची हरकत नेमकी तिथेच होती. तिथे विधी साधे होते. लपवावी लागत होती ती माणसांची नावे, कारण त्यांनी खरोखरच नियम मोडलेला होता.

गुप्त सभा दिसली की लोकांना कटाचा वास येतो. माझा अनुभव असा की आधी विचारावे, गुप्त काय ठेवले होते आणि कोणाच्या भीतीने? या बाबतीत उत्तर सरळ आहे. सरकारची भीती नव्हती, भीती होती ती शेजाऱ्याची.

१८६० साल

मी कालानुक्रमाच्या चिठ्ठ्या करून खोक्यात ठेवतो. एकदा त्या चाळताना एकाच सालाच्या दोन चिठ्ठ्या एकामागोमाग आल्या. ‘१८६० : परमहंस सभा मोडली.’ ‘१८६० : विहारचे पाणी मुंबईत.’

त्याआधी मुंबईचे पाणी विहिरींचे आणि तळ्यांचे. गिरगावाजवळ कावसजी पटेल तलाव, धोबीतलाव, पलीकडे मुंबादेवीचे तळे. आज त्यांची फक्त नावे उरली आहेत. विहीर कोणाची, पोहरा कोणाचा, आधी कोण भरणार आणि कोणी काठावरही यायचे नाही, हे सगळे ठरलेले असे. विहारचे धरण बांधून नळाने पाणी शहरात आणले. डोंगरातून निघालेले तेच पाणी त्याच लोखंडी नळातून सगळ्या वाड्यांत आले. आगगाडीचेही तसेच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. २१ मैल, १४ डबे, ४०० पाहुणे. पुढे ती सर्वांसाठी सुरू झाली तेव्हा डब्यांचे वर्ग पडले ते भाड्याप्रमाणे. तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढणाऱ्याला शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय नव्हती.

इथे आमचे दुसरे गृहस्थ टाळी मागतात. बघा, जे काम अकरा वर्षे दार लावून शपथा घेणाऱ्यांना जमले नाही ते नळाने आणि रुळाने केले! मलाही बरेच दिवस असेच वाटत होते. त्यावर एक लेखही लिहायला घेतला होता. तो पुरा झाला नाही, कारण पुढच्या चिठ्ठ्या जुळेनात.

नळ आला म्हणून पाणवठे खुले झाले असते, तर १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांना ठराव आणण्याची गरजच पडली नसती. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. रावबहादूर बोले दादरचे; पोर्तुगीज चर्चजवळच्या एस. के. बोले मार्गाने आपण सिद्धिविनायकाला जातो, ते हे बोले. १९०९ मध्ये त्यांनी कामगार हितवर्धक सभा काढली होती. आणि ठराव होऊनही १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला. विहारच्या नळाला तोवर सदुसष्ट वर्षे झाली होती.

गिरगावातून परळला

परमहंस सभा मोडली तरी माणसे कुठे गेली नाहीत. ३१ मार्च १८६७ ला दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. गिरगावात त्याचे मंदिर उभे राहिले. आजही बसचा वाहक तो थांबा त्याच नावाने पुकारतो. या वेळी दार उघडे ठेवायचे ठरले. मात्र उघड्या दाराची किंमत द्यावी लागली. सभासद होताना पाव-पाण्याची परीक्षा उरली नाही. जातिभेद वाईट असे मत ठेवावे, पण तो मोडलाच पाहिजे अशी अट नव्हती. काहींना यात माघार दिसते. मला ती माघारही दिसते आणि तिचे फळही दिसते. ज्या सभेला लपायचे नसते तिला शाळा चालवता येतात, देणग्या घेता येतात, वर्षाचा अहवाल छापता येतो.

१८७६ मध्ये प्रार्थना समाजाने कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केल्या. तोपर्यंत शहराचा चेहरा बदलला होता. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावरांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, ती ताडदेवला उभी राहिली. आणि पुढच्या तीस वर्षांत चिमण्या चिंचपोकळी, लालबाग, परळपर्यंत पसरल्या. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचा अर्ज केला. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे सत्यशोधक समाजाचे. तोही बंधुत्वाचाच समाज, पण फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापला तो पुण्याला, आणि त्याने दार पहिल्या दिवसापासून उघडे ठेवले होते.

१८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आधी भायखळ्याला होती, १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ तिथे तयार होत. पण साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तिथे कुठून प्रवेश मिळणार? त्याला आधी अक्षर ओळखायचे होते. ते काम पुन्हा सभांनीच केले. १९०६ मध्ये प्रार्थना समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी परळला अस्पृश्यांच्या मुलांसाठी पहिली शाळा काढून भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी सुरू केली. १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, फिरती ग्रंथालये, वाचनालये हे तिचे काम. परळचे दामोदर हॉल तिचेच. लालबाग-परळच्या माणसाला ते नाटकांसाठी आठवते.

त्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली आणि जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या ब्रीदातला पहिला शब्द शिक्षणाचा होता. बाबासाहेब तेव्हा हाकेच्या अंतरावर, बीआयटी चाळीत राहत होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या निबंधवाचनापासून इथवर पाऊणशे वर्षे झाली होती. गिरगावातल्या सभा ज्यांच्याविषयी बोलत आल्या होत्या, त्यांनी आता स्वतःची सभा काढली.

धोटा

आता यंत्राकडे परत येतो. कापड गिरणी म्हणजे त्या काळचे सर्वांत नवे यंत्र. वाफेवर चालणारे, विलायतेहून आलेले, कुठल्याच जातीच्या परंपरेत नसलेले. तिथे तरी जात शिरायला नको होती. पण परळच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला सूतकताईच्या खात्यांत काम मिळे आणि साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, मिळत नसे. पगार मात्र साचेखात्यात जास्त. कारण होता धोटा.

ज्यांनी साचा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताणा उभा ताणलेला असतो आणि त्यातून इकडून तिकडे धोटा धावतो. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी टोपण बसवलेली होडीच्या आकाराची लाकडी पेटी. तिच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी. कांडी संपली की साचेवाला नवी घालतो आणि सुताचे टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. सूत बाहेर यावे म्हणून भोकाला ओठ लावून दम ओढायचा. कांडी दर काही मिनिटांनी संपते, म्हणजे दिवसभरात हे कितीतरी वेळा. साचेवाला आजारी पडला की त्याच्या जागी बदली येतो आणि तोच धोटा तोंडाला लावतो. धोटा म्हणजे उष्टे भांडे झाले. सवर्ण साचेवाले म्हणत, ज्यांचे उष्टे आम्हाला चालत नाही ते या खात्यात नकोत.

हाच धोटा लँकेशायरमध्येही तोंडाने ओढत आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्येही. तिकडेही त्यावर ओरड झाली, पण ती क्षय आणि इतर रोग पसरतात म्हणून. मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये कायदा करून असे धोटे बंद केले; हाताने सूत ओवता येईल असा धोटा तयार झालेला होता. म्हणजे यंत्र एकच. तिकडे त्यातून आरोग्याचा प्रश्न निघाला, आपल्याकडे विटाळाचा. यंत्राने प्रश्न कुठला काढायचा हे यंत्र ठरवत नाही, त्याभोवती उभी असलेली माणसे ठरवतात.

२६ एप्रिल १९२८ पासून मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने. गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्माला आली. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, अर्जुन आळवे, गोविंद कासले ही नावे घराघरांत झाली. जोशीही संप समितीत होते. त्या वेळी आंबेडकरांनी संप समितीपुढे मागणी ठेवली की साचेखाते अस्पृश्यांना खुले करा आणि हे तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर माझ्या लोकांना मी संपात राहू नका असे सांगेन. समितीने नाखुशीने ते मान्य केले. मागण्या मालकांपुढे गेल्या तेव्हा मालकांनी या बाबतीत हात झटकले. हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असे ते म्हणाले. मालकांचे बाकी काही खरे असो नसो, एवढे वाक्य खोटे नव्हते.

शेवटची रक्कम

माझे आजोबा साचेवाले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून ते पोरवयात बोटीने मुंबईला आले आणि लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहिले. एका खोलीत पंचवीसतीस माणसे, पाळीपाळीने झोपणारी. सामानाला एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. खोलीची वर्गणी होती, वही होती, नव्या पोराला गिरणीत चिकटवण्याची जबाबदारी होती, आजाऱ्याला गावी पोहोचवायचे असे, मेलेल्याचे दिवस घालायचे असत. बंधुत्व म्हणतात ते मी पुस्तकात वाचायच्या आधी आजोबांच्या तोंडून ऐकले. ती खोली अर्थातच एका जातीची होती. दुसऱ्या जातीच्या गावकऱ्यांची खोली वेगळी असे, कधी त्याच चाळीत, वरच्या मजल्यावर.

अठ्ठावीसच्या संपाच्या गोष्टी आजोबा फार रंगवून सांगत. खानावळवालीने सहा महिने उधारीवर जेवू घातले, त्यांनी कानातली भिकबाळी गहाण टाकली, पोलीस आले तेव्हा कोण कुठून पळाला. आम्ही भावंडे डोळे विस्फारून ऐकत असू. ब्याऐंशीचा संप सुरू झाला तेव्हा वडील गिरणीत होते आणि आजोबा म्हातारे झाले होते. ‘‘आम्ही सहा महिने काढले, तुम्हीही काढाल,’’ असे ते वडिलांना म्हणाले. तो संप संपलाच नाही. माझी शाळा कशीबशी सुटली नाही, एवढेच.

आजोबांच्या गोष्टींत साचेखाते कोणासाठी बंद होते हे कधी आले नाही. मीही विचारले नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हते. धनंजय कीरांच्या आंबेडकर चरित्रात तो प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आजोबांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या रात्री मी आईला विचारले. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘‘मामंजी सांगायचे की. साच्यावर सगळी आपलीच माणसं, बाहेरचा कोणी नाही. अभिमानानं सांगायचे.’’ आणि पुढे म्हणाली, ‘‘आता ते काढू नकोस. घरातला मोठा माणूस तो.’’

मी बरीच वर्षे काढले नाही. या विषयावर दोन व्याख्याने दिली, तेव्हाही ‘सवर्ण साचेवाले’ असे म्हणून पुढे गेलो. हिशेबात अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत आहे : रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर टाकली. परमहंस सभेतल्या माणसांना मी मनात भित्रे म्हणत आलो होतो. त्यांची यादी फुटली तेव्हा ती पांगली. माझ्या बाबतीत वाळीत टाकणारे कोणी नव्हते, भटजी येईना, मुलीचे लग्न मोडेल असे काही नव्हते. तरी एक ओळ लिहायला मला इतका वेळ लागला. ते निदान पाव खाऊन पांगले होते.

म्हणून चहावरच्या त्या तिघांना माझे उत्तर असे आहे. टोळके नव्हते, मोजकी, ओळखीची, कामसू माणसे होती. यंत्राने दारे उघडली, पण पुष्कळ ठिकाणी माणसांनी ती पुन्हा लावून घेतली. आणि कुठल्या साली मोडली, या प्रश्नाला साल नाही. साचेखाते कागदावर खुले करण्याची मागणी १९२८ ची, प्रत्यक्षात ती गिरणीगणिक आणि खात्यागणिक वेगवेगळ्या वेळी आणि अर्धवट पुरी झाली. माझ्या आजोबांच्या शेजारच्या साच्यावर शेवटपर्यंत कोण होते, हे मी आईच्या त्या एका वाक्यावरून समजतो.

आमच्या माळ्यावर आजोबांचा एक धोटा आहे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो घरी आणला होता. बाजूचे भोक ओठांनी गुळगुळीत झालेले आहे. घरी आलेल्या मुलांना मी तो दाखवतो, तेव्हा अठ्ठावीसच्या संपाची गोष्ट सांगतो आणि ही दुसरीही सांगतो.

शेवटी वाचकांना एक विनंती. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव भागांत गावकरी मंडळांच्या खोल्या आता एकेक करून पुनर्विकासात जात आहेत. त्यांच्या वर्गणीच्या वह्या, इतिवृत्ते, खोलीचे नियम लिहिलेले पुठ्ठे पुष्कळ ठिकाणी अजून ट्रंकांत पडलेले असतील. कोणाच्या घरी असे काही असेल तर ते रद्दीत घालू नये. त्यात नको असलेली एखादी ओळ सापडली, तर तेवढे पान फाडू नये.